आंधळ्या चिताऱ्याची गोष्ट

आमच्या धंद्यात माणसं जोडीनेच कामाला जातात. एक जण लिफ्टच्या छतावर चढून खड्ड्यातल्या अंधारात काम करतो आणि दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत स्विचपाशी उभा राहतो. वरच्याचा हात चुकला की खालच्याचा जीव जातो, इतकं ते सरळ आहे. अठरा वर्षं मी वरचा आणि तो खालचा. हजेरीपटावर त्याला नाव आहे, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नाही. सगळे त्याला मौनी म्हणतात.

दिवसाला दहाच्या वर शब्द बोलला तर आज याचं काहीतरी बिनसलंय असं आम्ही समजतो. लग्न ठरलं तेव्हा त्याने मला एवढंच सांगितलं, "दादा, रविवारी सकाळी या." कुठली लिफ्ट अडकलीय कोण जाणे म्हणून मी पाने-पक्कडीची पिशवी खांद्याला लावून गेलो आणि मांडवात तशीच घेऊन बसलो. वहिनी अजून त्यावरून माझी टिंगल करतात.

अशा माणसाच्या पोटी देवाने भिंगरी घातली. पाच वर्षांची पोर, जेवताना चार वेळा उठते, झोपेत पलंगाच्या या टोकाची त्या टोकाला जाते आणि जागी असली की तोंडाचा पट्टा चालूच. बाप तिच्याकडे बघत बसतो. आपल्या वाटणीचं सगळं बोलणं हिलाच मिळालं याचं त्याला मनापासून कौतुक आहे.

या वर्षी तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की ओकायची, आणि चालताना मान एका बाजूला कलती धरायची. डॉक्टरांनी तपासलं आणि डोक्याच्या आतलं चित्र काढावं लागेल असं सांगितलं. त्यासाठी एका मोठ्या नळीसारख्या मशीनमध्ये चाळीस मिनिटं निपचित पडावं लागतं. एवढ्या लहान मुलांना एरवी भूल देतात. पण भिंगरीला मागे एकदा कानाच्या लहानशा ऑपरेशनसाठी भूल दिली होती, तेव्हा तिचा श्वास थांबला होता. ओठ निळे पडले होते. वहिनी त्या वेळी दाराच्या काचेतून बघत होत्या.

"भुलीशिवाय जमलं तर सोन्याहून पिवळं," डॉक्टर म्हणाले. "पण पोर हलली तर चित्रं पुसट येतील, मग भूल द्यावीच लागेल. आणि खरं सांगतो, हिला भूल द्यायची मलाही भीती वाटते."

तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. चाळीस मिनिटं! त्या पोरीला चाळीस सेकंद एका जागी कोणी पाहिलं नव्हतं.

मौनी तीन दिवस लागोपाठ दुपारच्या सुट्टीत गायब झाला. चौथ्या दिवशी मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तो त्या मशीनच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहतो. तिथल्या टेक्निशियन बाईंना त्याने काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी त्याला दाराशी उभं राहू दिलं होतं. आम्ही लिफ्टवाले मशीनची नाडी कानानेच बघतो. बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय, हे मौनी दोन मजले खालून सांगतो. तो घड्याळ लावून त्या मशीनचे आवाज टिपत होता. आधी ठोके, मग घरघर, मग मध्येच शांतता, मग पुन्हा ठोके, प्रत्येकाची मिनिटं आणि सेकंद.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गोष्ट लिहितोय," तो म्हणाला. "झोपताना वाचायला."

आणि त्याने लिफ्टच्या दुरुस्तीच्या नोंदवहीतली मागची पानं माझ्यापुढे धरली. मी वाचली. ती अशी होती:

"राजकन्या गुहेपाशी पोचली. पाठीवर झोपली. हात अंगालगत. डोळे बंद. गुहेत आंधळा चितारी राहतो. त्याने काम सुरू केले. ठोके. चार मिनिटे दहा सेकंद. राजकन्या हलली नाही. पुढील आवाज घरघर. राजकन्या हलली नाही."

"अरे बाबा," मी म्हटलं, "ही गोष्ट आहे की पंचनामा? पोर ऐकेल का हे? राजकन्या गुहेत गेलीच कशाला, ते तरी लिही!"

तो विचारात पडला. मला वाटलं, रागावला. पण दुसऱ्या दिवशी नोंदवहीत आणखी दोन पानं भरलेली होती. राजकन्येच्या डोक्यात एक चोर लपला होता. तो रोज पहाटे तिची झोप चोरायचा आणि बदल्यात दुखणं ठेवून जायचा. शिपाई दमले, वैद्य दमले, पण तो कुठे दडलाय ते कोणालाच दिसेना. तेव्हा राजा तिला डोंगरातल्या आंधळ्या चिताऱ्याकडे घेऊन गेला. त्याला डोळे नव्हते. तो ठोके देऊन ऐकायचा आणि ऐकून चित्र काढायचा. राजकन्या जराही हलली नाही तर त्याच्या चित्रात चोर सापडणार होता. हलली, तर चित्र फिसकटणार आणि चोर पळणार.

मी ते दोनदा वाचलं. मग नोंदवही त्याच्या हातात देत मी म्हटलं, "बरं आहे. शुद्धलेखन तेवढं बघ."

रोज संध्याकाळी अंथरुणं घालायच्या आधी त्यांच्या घरी तालीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून गुहा केली. भिंगरी आत झोपायची, मौनी बाहेर मांडी घालून नोंदवही वाचायचा आणि मशीनचं काम माझ्याकडे होतं. एक पातेलं, एक लाकडी दांडा आणि जुनं ड्रिल. शेजारच्या आजोबांनी दुसऱ्याच दिवशी येऊन विचारलं, घर पाडताय की काय. पहिल्या दिवशी पोर दोन मिनिटं टिकली. तिसऱ्या दिवशी सात. मौनी तिला कधी ओरडला नाही. ती हलली की पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, आणि मग तीच म्हणायची, "बाबा, या वेळी नक्की."

चौथ्या दिवशी ती बारा मिनिटांवर पोचली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींनी सहज विचारलं, "झोपलीस का गं?"

"नाऽऽही!" म्हणत भिंगरी ताडकन उठली आणि टेबलाला डोकं आपटलं.

आम्ही हसलो. मौनी हसला नाही. माझ्याकडे न बघता तो हळूच दंड चोळत राहिला, आणि माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी आम्ही आवाजावर काम करायचो. खालचा ओरडला, "झालं, सोडा," की वरच्याने स्विच टाकायचा. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रंगारी होते. त्यांच्यातला कोणीतरी आपल्या सोबत्याला ओरडला, "झालं, सोड!" खड्ड्यातून वर येता येता सगळे आवाज एकसारखे होतात. मला तो मौनीचा वाटला. मी स्विच टाकला. लिफ्ट हातभर वर गेली आणि त्याचा डावा दंड तुळईत अडकला. हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बरा होऊन आला तो एक कुलूप घेऊन. तेव्हापासून आमचा नियम असा, की खाली उतरण्याआधी त्याने आपल्या हाताने स्विचला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मग साहेब ओरडो नाहीतर साक्षात देव, कोणाच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

पाचव्या दिवशी गोष्टीत नवं पान आलं. राजा राजकन्येच्या कपाळाला बोट लावतो आणि न दिसणारं कुलूप घालतो. "चोर लबाड आहे," मौनीने लिहिलं होतं. "तो आवाज बदलतो. आईच्या आवाजात हाक मारेल. राजाच्या आवाजातही मारेल. म्हणेल, झालं, ऊठ. राजकन्येने ऐकायचं नाही. ज्याने लावलं तोच काढेल. बोट कपाळाला लागलं की कुलूप निघालं."

"वा!" मी म्हटलं. "आता कशी गोष्ट झाली!" हे शब्द माझेच आहेत. ते मी आज गिळू शकत नाही.

वहिनींनाही मजा वाटली. त्या मुद्दाम हाका मारायच्या. "भिंगरे, तुझी बाहुली पडली बघ!" पोर गप्प. मी तळव्यांना गुदगुल्या करायचो. पोर गप्प. अकराव्या दिवशी तिने पूर्ण चाळीस मिनिटं काढली, श्वाससुद्धा मांजराच्या पिल्लासारखा हळू. मौनीने कपाळाला बोट लावलं तशी ती उसळून बाहेर आली आणि घरभर नाचली. त्या रात्री घरी जाताना मी सायकलवरून शीळ घालत गेलो.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी माझ्या मेहुण्याची गाडी घेऊन त्यांना नेलं. मशीनच्या खोलीत एकालाच आत जाता येतं, आणि मौनीने जायचं हे ठरलेलंच होतं. टेक्निशियन बाईंनी अर्ज पुढे केला. शरीरात कुठे धातू आहे का? मौनीने प्रामाणिकपणे दंड दाखवला.

"सळई? कुठल्या धातूची? कागद आहे?"

कागद नव्हता. सात वर्षांपूर्वीचा कागद कोण जपून ठेवतो?

"मग तुम्हाला आत येता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आत लोहचुंबक आहे, ते कधीच बंद नसतं. ही पिवळी रेघ ओलांडायची नाही. आईने यावं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो दंड माझ्यामुळे मोडला होता. मौनीने फक्त मान हलवली, खाली वाकला आणि भिंगरीच्या कपाळाला बोट लावलं. तिने तत्काळ तोंड मिटलं. वहिनी तिला घेऊन आत गेल्या. कानांत बोळे, वरून जाड हेडफोन. दार बंद झालं.

आम्ही दोघं बाहेर बाकावर. ठोके सुरू झाले तशी मौनीने नोंदवही उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. चार मिनिटं दहा सेकंद. घरघर. सगळं बरहुकूम चाललं होतं. मी जरा सैल झालो. आणि मग शांतता यायच्या जागी एक भलताच आवाज आला, कर्कश, भोंग्यासारखा. मौनीचं बोट कागदावर थांबलं.

"हे गोष्टीत नाही," तो म्हणाला.

"काही नाही रे, राहील ती."

"दादा, हे गोष्टीत नाही."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. भोंगा थांबला, पुन्हा सुरू झाला. चाळीस मिनिटं झाली, पंचेचाळीस झाली. मी नखं खाल्ली. पन्नासाव्या मिनिटाला सगळं शांत झालं आणि बाईंनी दार उघडून आत जाता जाता अंगठा वर केला. "एकदाही हलली नाही हो!" मी मौनीच्या पाठीवर थाप मारली.

दार अर्धवट उघडंच होतं. बाईंनी पोरीचे हेडफोन आणि बोळे काढलेले दिसले. आतून वहिनींचा आवाज आला. "झालं गं राणी. ऊठ."

उत्तर नाही.

"भिंगरे, झालं. ऊठ ना."

मग बाईंचा आवाज. "ए बाळा, डोळे उघड बघू."

"गोष्ट संपली, चोर सापडला!" वहिनी म्हणाल्या. त्यांना खेळ आठवला होता. आतून पोरीचा आवाज येईना. वहिनींचा आवाज चढत गेला. "हे बघ, आता मस्करी नको. भिंगरे! माझ्याकडे बघ! अहो बाई, ही अंग ताठ करून पडलीय. हिचे ओठ... हिचे ओठ बघा ना हो!" आणि मग त्या किंचाळल्या. कान फाटतील अशी किंकाळी होती ती. कानाच्या ऑपरेशनच्या वेळचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. नर्स धावत आत गेली.

मौनी रेघेपाशी पोचला होता. मी त्याला मागून कवेत धरलं. "आत नको, आत नको!" बाई ओरडल्या. तो सुटायला धडपडत होता. आणि मग त्याने एकदम धडपड थांबवली.

"दादा," तो म्हणाला, "कुलूप मी लावलंय."

मला अजून कळलं नव्हतं. त्याला कळलं होतं. कामाची हाक सोडली तर अठरा वर्षांत ज्याचा चढा आवाज ऐकला नाही तो माणूस त्या दारातून जिवाच्या आकांताने ओरडला, "भिंगरे, कुलूप काढलं! कुलूप काढलं!"

आतून काही नाही. येणार तरी कसं? चोर राजाच्याही आवाजात बोलतो, हे त्यानेच लिहिलं होतं.

"तिला बाहेर आणा!" तो बाईंना म्हणाला. "ठीक आहे ती. माझ्या बोटाशिवाय नाही उठणार. पाया पडतो, बाहेर आणा!"

बाईंनी नाडी बघितली होती, श्वास बघितला होता, तरी त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी पोरीला चाकांच्या खाटेवर घेऊन रेघेबाहेर आणलं. मुठी आवळलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, ओठ दातांत धरून पांढरे केलेले. मौनीने कपाळाला बोट लावलं.

भिंगरीने डोळे उघडले, भला मोठा श्वास घेतला आणि विजयी मुद्रेने बापाकडे बघितलं.

"बाबा, चोराने आईचा आवाज अगदी हुबेहूब काढला," ती म्हणाली. "रडत पण होता. पण मी नाही फसले."

वहिनी तिच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांच्या गालांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. त्या काही आरडाओरडा करतील असं मला वाटलं, पण त्या हळू आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही माझा आवाज चोराला दिलात." एवढं बोलून त्या भिंतीला टेकून बसल्या.

दुपारी डॉक्टरांनी चित्रं बघितली. एकही पुसट नव्हतं. मेंदूजवळ पाण्याची लहानशी पिशवी होती, गोळ्यांनी आटोक्यात राहण्यासारखी. कापाकापी नको, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढू, म्हणाले. मी देवाचे आभार मानले. मौनीनेही हात जोडले. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्यांच्या वेळा नीट विचारल्या आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी पोचल्यावर मी निघतो म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, जेवूनच जा." आवाज साधाच होता, पण त्या घरात त्या दिवशी नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. टेबलावरची चादर कोणीतरी काढून ठेवली होती. भिंगरी खाली बसून ठोकळे रचत होती.

स्वयंपाकघरातून हाक आली. "भिंगरे, हात धुऊन ये जेवायला."

पोरीचा हात ठोकळ्यावर थांबला. तिने आईकडे बघितलं नाही. तिने बापाकडे बघितलं, आणि त्याच्या बोटाकडे.

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. आपण हसत हसत एवढं मोठं पाप केलं, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

मौनी उठला आणि पोरीसमोर उकिडवा बसला. "हा आवाज खरा," तो म्हणाला.

"कशावरून?" भिंगरीने विचारलं. बरोबरच होतं तिचं. इतके दिवस आम्हीच तिला शिकवलं होतं.

माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली, पण मी ती आवरली. या वेळी मध्ये तोंड घालायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"तू आत होतीस ना," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा बाहेर मला फार भीती वाटत होती. काका होता शेजारी. पण मी मनातल्या मनात हाका मारत होतो त्या तुझ्या आईला. भीती वाटली की मी तिलाच बोलावतो. तो आवाज चोराचा म्हणून मी लिहिलं, ते चुकलं माझं. चोराला आईचा आवाज काढता येत नाही. कोणालाच येत नाही."

भिंगरीने याच्यावर विचार केला. मग ती उठून आईपाशी गेली आणि मान कलती करून वर बघू लागली.

"आई, मग मशीनमध्ये ती तूच रडत होतीस?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"मग मी ओ द्यायला हवी होती."

वहिनींनी पोरीला उचलून घट्ट धरलं आणि मौनीकडे बघून, दिवसभरात पहिल्यांदाच, त्यालाही हात केला. तो गेला. मी खाली बसून विखुरलेले ठोकळे गोळा करत राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.